लाइटीवरचा आळ

लाइट जाऊन आली आणि कॉम्प्युटर सुरू झाला नाही, की तो लाइटीनंच मारला, असं मी दुरुस्तीच्या टेबलावर बसून वर्षानुवर्षं सांगत आलो. गिऱ्हाइकालाही ते पटायचं. भांडायला समोर कुणीच नाही. मदरबोर्ड नाहीतर हार्ड डिस्क बदलायची आणि मोकळं व्हायचं. आता मी तसं सांगत नाही.

ते मत हवेतून आलेलं नव्हतं. विंडोज ९८ च्या काळात मशीन नीट बंद झालं नाही, की पुढच्या वेळी स्कॅनडिस्क आधी पुढ्यात येऊन बसायची. त्याआधीच्या डॉसच्या जमान्यात तर काही हार्ड डिस्कचं हेड कमांड देऊन बाजूला नेऊन ठेवावं लागे. आमची पिढी त्या धाकात शिकली. पुढे यंत्रं बदलली, धाक तसाच राहिला. आजच्या हार्ड डिस्कची वीज तुटली, तर चकत्यांच्या उरलेल्या वेगातूनच थोडी वीज निघते आणि तिच्यावर हेड आपोआप जागेवर जातं. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था फाइलींच्या मांडणीतल्या बदलांची नोंद आधी करून ठेवते, त्यामुळे अर्धवट राहिलेलं निस्तरता येतं. सेव्ह न केलेलं काम जातं. अख्खी विंडोज सहसा जात नाही.

माझं मत हललं ते एका दस्तलेखकाच्या मशीनमुळे. दिवसभर लाइट नव्हती. संध्याकाळी मशीन लावलं तर निळी स्क्रीन, रीस्टार्ट, पुन्हा निळी स्क्रीन. एरवी मी सरळ फॉरमॅट मारला असता, पण त्यात त्यांची सगळी खरेदीखतं होती. म्हणून बायोसमध्ये डोकावलो, तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, नाण्याएवढा. तो काही त्या दिवशी मेला नव्हता. प्लग लावलेला असला, की मशीन बंद असतानाही एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, बोर्डाला पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. त्या मशीनच्या पिढीच्या बोर्डांत घड्याळ आणि सेटिंग्ज त्याच्यावरच तगून असत. लाइट गेली, भार सेलवर आला आणि सेलमध्ये काही उरलेलंच नव्हतं. सेटिंग्ज कंपनीतून आल्या तशा झाल्या, डिस्कशी बोलायची पद्धत ठरवणारा साटा मोड एएचसीआयवरून आयडीईवर गेला आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेना. सेल बदलला, मोड पूर्ववत केला, मशीन सुरू. एकही दस्त गेला नाही.

त्यानंतर एसएमपीएसकडेही मी त्याच नजरेनं बघू लागलो. रात्रंदिवस प्लगवर असलेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर आतून सुकत जातात. गरम असेपर्यंत ते कसंबसं रेटतात. तासदोन तास लाइट गेली, गार झाले, की पुन्हा उठत नाहीत. डोकं फुगलेला कपॅसिटर दिसला, तर ते काही एका दुपारच्या लाइटीचं काम नव्हे.

लाइट अगदीच निर्दोष आहे, असं नाही. मार बसतो तो बहुधा ती येताना, जाताना नव्हे. न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज घरात शिरू शकतं. पण तेव्हा टीव्ही, चार्जर, बल्ब असं बरंच काही एकदम जातं. घरातलं बाकी सगळं धड आणि एकटा कॉम्प्युटर मुका असेल, तर संशय आधी कॉम्प्युटरच्या वयावर घ्यावा. स्पाइक गार्डवरही फार विसंबू नये. त्यातला व्हॅरिस्टर मार खाऊन निकामी झाला, तरी दिवा लागलेला राहू शकतो.

माझ्या धंद्यातल्यांना हे रुचणार नाही. सेल बदलून मिळणार ते किती?

तरी सांगतो. मशीन अडलं तर आधी दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा. मग प्लग काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा लावा. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी असेल, तर प्लग काढून रॅम बाहेर घ्या, पट्टी खोडरबरानं पुसा, घट्ट बसवा. सुरू होऊन अडकत असेल, तर बायोसमधली तारीख आणि साटा मोड बघा. एवढं झाल्याशिवाय कुणालाही फॉरमॅटला होकार देऊ नका. आणि लाइट गेली की प्लग काढून ठेवा. ती येऊन पाचदहा मिनिटं टिकली, की मगच लावा.