राँग नंबर!

"इन्स्पेक्टर ईगल शोधून दे, मग घालतो ते मशीन कानात."

बाबांनी अट घातली आणि मी फसले! झालं असं, की या वर्षी बाबांना श्रवणयंत्र घ्यावं लागलं. पहिल्याच दिवशी कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न, आईच्या बांगड्या असं सगळं एकदम कानात घुसलं. त्यांनी यंत्र डबीत घातलं आणि डबी कपाटात. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, रोज अर्धा तास कुणाचं तरी बोलणं ऐकवा, हळूहळू सवय होईल. मी माझा सगळ्यात लाडका पॉडकास्ट लावून दिला. पाचव्या मिनिटाला बाबांनी पेपर उघडला. "ही दोघं सारखी हसतात कशाला?"

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. मागच्या दिवाळीत मी मोठ्या धीराने सांगितलं होतं, "बाबा, मी नोकरी सोडतेय." त्यावर ते म्हणाले, "छान छान, लाडू घे." नंतर आईने खरं काय ते ओरडून सांगितलं. पण आमचं त्यावर बोलणं असं झालंच नाही.

तर, इन्स्पेक्टर ईगल. सत्तरच्या दशकात विविध भारतीवर लागणारी हिंदी रहस्यमालिका. प्रायोजक ईगल थर्मासवाले, म्हणून इन्स्पेक्टरही ईगल! आवाज विनोद शर्मांचा. बाबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे, गिरगावातल्या चाळीत. रेडिओ शेजारच्या काकूंचा आणि ऐकणारी पोरं गॅलरीत, दाराबाहेर.

"एक गोष्ट अर्धीच राहिली बघ," बाबा म्हणाले. "एक बाई, पलंगाला खिळलेली. नवऱ्याला फोन लावते तर क्रॉस कनेक्शन! दोन माणसं कुणाच्या तरी खुनाचा बेत करतायत..."

"मग?"

"मग काय? काकूंकडे पाहुणे आले. त्यांनी रेडिओ बंद केला."

पन्नास वर्षं हा माणूस त्या खुनाचं काय झालं याचा विचार करतोय!

मी कामाला लागले. गुगलवर 'इन्स्पेक्टर ईगल' टाकलं तर आधी संजीवकुमारच पुढे आला, कारण १९७९मध्ये याच नावाचा सिनेमा आला होता. प्रसार भारतीच्या आर्काइव्हजचं यूट्यूब चॅनल पालथं घातलं. जुन्या रद्दीवाल्यांकडे कॅसेटचे खोके उपसले, शिंका आल्या. तीन रविवार गेले आणि हाती एकही पूर्ण भाग नाही. तेव्हा टेप महाग, आणि त्याच टेपवर पुन्हा रेकॉर्ड करता यायचं. कार्यक्रम वाजला की काम संपलं. नशीब एवढंच, की आपणच तेवढे बेपर्वा नव्हतो. बीबीसीच्या 'डिक बार्टन'चे १९४६ ते १९५१ या काळात ७११ भाग झाले, त्यांतलेही बहुतेक सगळे गेले.

मग म्हटलं, मालिका राहू दे, गोष्ट शोधू. आजारी बाई, फोन, खून. आणि पाच मिनिटांत सापडली की! 'सॉरी, राँग नंबर'. लेखिका ल्युसिल फ्लेचर. अमेरिकेत सीबीएसच्या 'सस्पेन्स' मालिकेत २५ मे १९४३ला पहिल्यांदा लागलेलं नाटक. ते हिंदीत कुणी उचललं असेल, की बाबांच्या डोक्यातच दोन गोष्टींचं क्रॉस कनेक्शन झालंय, देव जाणे. (बाबा अजूनही म्हणतात, "ईगलच होता तो, शंभर टक्के.") पण अमेरिकेत रेडिओचे कार्यक्रम तबकड्यांवर उतरवले जायचे, सैनिकांच्या रेडिओसाठी वेगळ्या तबकड्या निघायच्या आणि पुढे हौशी लोकांनी त्यांच्या टेप करून एकमेकांना वाटल्या. म्हणून 'सस्पेन्स'चे सुमारे नऊशे भाग आजही ऐकायला मिळतात. फुकट!

गंमत म्हणजे पहिल्या प्रसारणात नेमकी शेवटी एकाची क्यू चुकली. श्रोत्यांना कळेचना नक्की झालं काय, आणि पुढच्या आठवड्यात खुलासा करावा लागला. ऑगस्टमध्ये नाटक पुन्हा केलं. पन्नास वर्षं थांबलेल्या माणसाला गोंधळाचा शेवट ऐकवणं पाप झालं असतं. मी ऑगस्टचं लावलं.

बाबांनी डबी काढली. यंत्र घातलं. खरखर, संगीत आणि ॲग्नेस मूरहेडचा आवाज. अर्धा तास जवळजवळ एकटी बाई बोलते. आधी चिडचिडी, मग घाबरलेली, मग तारस्वरात. वयाबरोबर आधी हेच जातात, बारीक आणि चढे आवाज. मी नाटकाकडे कमी आणि बाबांच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होते. डायल फिरवल्याचा आवाज आला आणि त्यांचं बोट हवेत फिरलं.

इंग्रजी फार भरभर होतंय असं वाटून मी मध्येच फोन हातात घेतला. "थांबवू का? समजावून सांगते."

"हात लावू नकोस!"

शेवट सांगत नाही, तुम्हीच ऐका. संपल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, आता यंत्र काढून डबीत ठेवतील. त्यांनी काढलं नाही.

"काकूंनी बंद केला तेच बरं झालं," ते म्हणाले. "रात्री झोप लागली नसती." मग जरा थांबून, "नोकरी का सोडलीस गं?"

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. आवाज न चढवता सांगायला लागले.