घाटावरची माणसे आगबोटीत

आम्ही जुन्नर-आंबेगावकडची माणसे. आमचे पाणी म्हणजे धरणाचे पाणी. डिंभ्याचे, माणिकडोहाचे, नाहीतर येडगावचे. त्याला पलीकडचा काठ असतो आणि त्या काठावर कुणाचे तरी शेत असते. ज्याला काठच नाही असे पाणी पाहण्याची हौस आली, तर नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहावे, खालच्या कोकणाकडे पाहावे आणि त्याच्याही पुढे समुद्र आहे असे मनाशी मानून घरी परतावे, इतकाच आमचा आणि दर्याचा संबंध.

वास्तविक आमचा मुलूख समुद्राला इतका परका नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येत असे. घाटातला तो मोठा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवितात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट नावाच्याने भोजनमंडप दिला. परमुलखातून आलेल्या माणसांना पाणी आणि पंगत यांचीच आठवण आधी व्हावी, यात मला तरी नवल वाटत नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाचे निम्मे चित्त तिथेच असते!

आता ओघ उलटा फिरला आहे. २०१८ साली 'आंग्रिया' मुंबईहून गोव्यास जाऊ लागली. २०२१ च्या सप्टेंबरापासून 'एम्प्रेस' या अकरा मजली जहाजाच्या मुंबईहून फेऱ्या सुरू झाल्या. आणि नारायणगावचे द्राक्षबागायतदार, मंचरचे व्यापारी, आमच्यासारखे प्राध्यापक सहकुटुंब बोटीवर जाऊ लागले. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्हीही जाऊन आलो. मी, सौभाग्यवती, चिरंजीव आणि त्र्याहत्तर वर्षांची आई. तेव्हापासून स्टाफरूममध्ये मला एकच प्रश्न येतो, "सर, आम्ही पहिल्यांदाच चाललोय. काय काय लक्षात ठेवायचं?" कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत पोहण्याचा तलाव असतो, नाचगाणे असते, पण ज्यासाठी माणूस अडतो ते नेमके नसते. म्हणून हा खटाटोप.

सर्वांत आधी एक गोष्ट मनावर ठसवावी. बोट थांबत नाही. आमच्याकडे पिशवी हलवीत धावणारा माणूस दिसला, की कंडक्टर घंटी मारून एस.टी. थांबवतो. बोटीचे दार मात्र सुटण्याच्या वेळेआधीच तास-दोन तास बंद होते, आणि वाटेतल्या बंदरात फिरायला उतरलेल्यांनाही हाच नियम. मागे राहिलेल्याने पुढचे बंदर स्वखर्चाने गाठायचे. माळशेज घाटात एखादा ट्रक आडवा झाला म्हणजे काय होते, हे आपण जाणतोच. म्हणून आदल्या दिवशीच मुंबईस पोचावे. आम्ही मावसभावाकडे उतरलो. तो डबेवाला, वेळ पाळण्याच्या बाबतीत त्याच्या घरचे शिक्षण फुकट मिळाले.

आईने भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू बांधले होते. पण निघण्यापूर्वी चार दिवस तिने मला फोन करायला लावला होता, "खायचं आत नेऊ देतात का, ते विचार." घरचे अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. तसेच इस्त्री, पाणी तापवायची किटली यांसारख्या वस्तू. कारण आगीइतके बोटीवर दुसरे भय नाही. तेव्हा भाकऱ्या भाच्याच्या पोटी लागल्या आणि आम्ही दारावरच्या नामुष्कीतून सुटलो. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीशी पोचायला कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून औषधे, ओळखपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच असावा.

खोली घेताना लोक वरच्या मजल्यावरची मागतात. ज्याला गाडी लागते त्याने उलटे करावे. खांद्यावरची कावड आठवा. टोकांची मडकी हेलकावतात, खांद्यावरचा भाग जवळजवळ स्थिर असतो. बोटीचेही तसेच. मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. शिवाय डोक्यावर नाचघर किंवा भोजनगृह नाही ना, तेवढे नकाशात पाहून घ्यावे; वरखाली खोल्याच असतील तर झोप लागते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तरीही पोटात ढवळलेच, तर खोलीत पडून राहू नये. बंद खोलीत कान सांगतो 'आपण हलतो आहोत', डोळा सांगतो 'नाही'. या भांडणाचा ताप पोटाला. वर मोकळ्या हवेत जावे आणि क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे भांडण मिटते.

आता खरे मर्म सांगतो. पहिल्यांदा बोटीवर जाणाऱ्याचा शत्रू समुद्र नव्हे, संकोच. आम्ही शिकलेली माणसे तिथे विलक्षण गप्प होतो. कोणते खाणे तिकिटात आले आणि कशाचे पैसे वेगळे, हे विचारायची लाज वाटते. मग एक तर भीत भीत तहानलेले राहायचे, नाहीतर शेवटच्या दिवशी बिल पाहून घाम पुसायचा. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. खोलीच्या कार्डावर सारे मांडले जाते. म्हणून हिशेब रोज पाहावा आणि शंका शेवटच्या रात्रीच्या आत विचारावी. सकाळी तिथे पंढरीची बारी असते. तसेच मोबाईलचे. किनारा सुटला की तो जहाजावरचे उपग्रहाचे जाळे पकडतो आणि बिल मुकाट्याने वाढत राहते. बोट हलण्यापूर्वीच तो विमानातल्यासारखा बंद करून ठेवावा.

आईला हा संकोच ठाऊक नाही. खोली झाडायला आलेल्या मुलाला तिने पहिल्या पाच मिनिटांत विचारले, "कुठला रे बाळा तू?" तो रत्नागिरीकडचा निघाला. आम्ही पाहुणे न राहता एकदम त्याच्या घरचे झालो. "आजी, न्हाणीघराचा उंबरठा उंच आहे, पाय उचलून टाका," तो म्हणाला. "आणि गॅलरीचं नि बाहेरचं अशी दोन्ही दारं एकदम उघडू नका, वाऱ्यानं दार आपटतं, बोटं सापडतील." खोलीच्या भिंती पोलादी असतात, लोहचुंबक नेला तर कागद टांगता येतात, हेही त्यानेच सांगितले. जेवणापूर्वी हात साबणाने धुवा, नुसते औषधी पाणी चोळून भागत नाही, हेही त्याचेच. पोटाचा एखादा आजार असा आहे, की तो त्या पाण्याला दाद देत नाही आणि एकाच छपराखाली जेवणाऱ्या शेकडो माणसांत झपाट्याने पसरतो.

संकोचाची सर्वांत महाग किंमत मात्र संकटाच्या कवायतीच्या वेळी द्यावी लागते. पहिल्याच दिवशी सर्वांना आपापल्या जागी बोलावून जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, ते दाखवितात. आमच्याभोवतीची मंडळी हसत होती, फोटो काढीत होती. जाकिटात आपण विदूषक दिसू असे प्रत्येकाला वाटत होते. आई तेवढी विचारीत होती, "ही शिट्टी कशाला?" अंधारात पाण्यात पडलेल्या माणसाला हाक मारायचे बळ उरत नाही, तेव्हा ती वाजवायची.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईजवळच बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ती सणाला घरी चालली होती, आणि अंतर ते किती! पुढे २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली, तेव्हा काही उतारूंची कवायतच व्हायची होती. त्यानंतर बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घ्यावी असा नियम झाला. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की जाकीट घेऊन आपली जागा गाठायची. एवढे पाठ करायला कितीसा वेळ लागतो? आपल्या खोलीपासून जिन्यापर्यंतची दारे एकदा मोजून ठेवावीत. दिवे गेले तर तेवढीच मोजणी कामी येते.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीतूनच नेतात. सकाळी नेसायचे कपडे बाजूला काढावेत, हे सांगायला नको असे आपणांस वाटेल. पण आमच्या मजल्यावरचे एक सुखवस्तू गृहस्थ मुंबईच्या धक्क्यावर रात्रीच्या पायजम्यात उतरले. कोट बॅगेत होता आणि बॅग त्यांच्या आधीच उतरली होती.

उतरतानाही घाई करू नये. मजल्यांची नावे पुकारतात, आपली वेळ येईपर्यंत कठड्याशी उभे राहावे. आम्ही उभे होतो. माझे वडील तीस वर्षे मुंबईच्या गोदीत पाठीवर पोती वाहत होते. इतकी वर्षे जहाजे भरली, पण जहाजातून कुठे गेले नाहीत. गावी येत ते होळीला आणि गणपतीला. आईने शेजारच्या खलाशाला विचारले, "बाळा, माल चढवतात ती जागा कुठली?" त्याने बोट करून लांबच्या याऱ्या दाखविल्या. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "खालून त्यांना हे केवढं उंच दिसत असेल रे."

मी काही बोललो नाही. मागून आमच्या मजल्याचे नाव पुकारले गेले.

तेव्हा जाणाऱ्यांनी जरूर जावे. गोळ्या न्याव्यात, लोहचुंबक न्यावा, पायजम्याची काळजी घ्यावी. आणि घरात विचारायला न लाजणारे एखादे वडीलधारे माणूस असेल, तर त्याला आधी तिकीट काढावे.