पंपाखालचं भोक

सुट्टीत गावी पोचलो की बूट काढायच्या आधी मी जीप बघायला जातो, ही आज्जीची कायमची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. आमचं गाव वाईजवळ. जीप माझ्या आजोबांची. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबा ईएमईमध्ये व्हेइकल मेकॅनिक होते. सिकंदराबादला शिकले, हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि पेन्शनीच्या पहिल्याच वर्षी एका साखर कारखान्याच्या लिलावात त्यांनी ही जीप घेतली. 1964 सालची, सीजे-थ्रीबी. विलीज कंपनीने हे मॉडेल 1953 मध्ये काढलं आणि आपल्याकडे महिंद्रांनी ते पुढे कितीतरी वर्षं बनवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपपेक्षा हिचं बॉनेट उंच दिसतं, कारण त्याखाली हरिकेन इंजिन आहे. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसवल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर न्यावं लागलं. 2,199 सीसी, चार सिलिंडर, आणि आबांच्या मते घरातल्या सगळ्यांपेक्षा समजूतदार.

फौजेची सवय म्हणून आबा जीपची रोज फर्स्ट परेड करतात. तेल, पाणी, पट्टा, टायरची हवा, गाडीखाली काही सांडलंय का. यंदा एप्रिलमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. त्यामुळे मी गेल्या गेल्या फर्स्ट परेड माझ्याकडे आली. जीप काका चालवायचे, मी तपासायचो, आणि आबा काळा चष्मा लावून ओट्यावर बसून विचारायचे, “रिपोर्ट?” मी म्हणायचो, “सब ठीक, आबा.”

चौथ्या दिवशी सब ठीक नव्हतं. पंख्याच्या खाली जमिनीवर रुपयाएवढा ओला डाग होता. आडवा होऊन पाहिलं तर वॉटर पंपाच्या पोटाला खालून एक बारीक भोक, आणि त्यातून पाण्याचा थेंब लोंबत होता. थेंब पडला की दुसरा तयार व्हायला पाचसहा मिनिटं लागायची.

आता हे आबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. एक म्हणजे सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरचं न ऐकता गाडीखाली मान घातली असती, हे मी स्वतःला पटवलेलं कारण. खरं कारण असं की अकरावीतल्या मुलाला एवढं भोक बुजवता येत नाही का, असं मला वाटलं. घरात पाण्याच्या टाकीसाठी आणलेलं एमसील होतं. दोन रंगांच्या वड्या मळल्या, भोक पुसून कोरडं केलं, त्यात चेपलं, वरून अंगठ्याने गुळगुळीत केलं. दुसऱ्या दिवशी जमीन कोरडी. “सब ठीक, आबा,” या वेळी तर मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

इथे थोडं पंपाविषयी सांगतो, कारण त्या वेळी मला जे माहीत नव्हतं ते वाचणाऱ्याला तरी माहीत असावं. जीपचा वॉटर पंप इंजिनाच्या तोंडाशी बसतो. रेडिएटरच्या तळातून थंड झालेलं पाणी तो ओढतो आणि इंजिनात ढकलतो. तापलेलं पाणी वरच्या पाइपने पुन्हा रेडिएटरमध्ये येतं. पंपात एक शाफ्ट असतो. त्याच्या मागच्या टोकाला पाण्यात फिरणारा इंपेलर, पुढच्या टोकाला पुली आणि पंखा. शाफ्ट फिरतो बेअरिंगवर. बेअरिंगमध्ये ग्रीस, इंपेलरकडे पाणी, आणि दोघांची गाठ पडू नये म्हणून मध्ये सील. सीलमधली कडी स्प्रिंगच्या जोरावर एका गुळगुळीत तोंडावर घासत राहते आणि पाणी अडवते. वर्षानुवर्षं घासून ती झिजणारच. ती झिजली की पाणी बेअरिंगकडे निघतं. म्हणून बनवणाऱ्यांनी सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये, खालच्या बाजूला, मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. सीलमधून आलेलं पाणी बेअरिंगपर्यंत जाण्याआधी तिथून गळून जातं आणि गाडीवाल्याला कळतं की आता सील गेलं. इंग्रजीत त्याला वीप होल म्हणतात. म्हणजे ते भोक हा बिघाड नव्हताच. बिघाड झालाय हे सांगायची तीच एक जागा होती, आणि मी ती बुजवली होती.

(गेल्या टर्मला नडगी दुखत असताना मी एमआय रूममध्ये न जाता क्रॉस कंट्री पळालो. आमच्या पीटी उस्तादांना हे अजून माहीत नाही. आता होईल.)

तीन आठवडे जीप दुधाच्या कॅनसाठी आणि शेतावर फिरत राहिली. मग पाचगणीहून फोन आला की आज्जीची बहीण आजारी आहे आणि सारखी हिची आठवण काढतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं निघालो. काका चालवत होते, शेजारी आबा, मागे मी आणि मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा घेतलेली आज्जी. तिला साखरेचा आजार आहे. वेळेवर गोळी आणि वेळेवर जेवण, यात चूक झालेली चालत नाही. पोचायला कितीसा वेळ, तिकडेच जेवू, म्हणून ती गोळी घेऊन, चहा पिऊन तशीच निघाली होती.

पसरणी घाटाची पहिली वळणं बरी गेली. मग पुढून खरखर सुरू झाली, डब्यात खडे घालून हलवावे तशी. आबांनी नुसता हात वर केला. काकांनी गाडी कडेला घेईपर्यंत टेंपरेचरचा काटा पार उजवीकडे गेला होता आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती. मी पाण्याची कळशी घेऊन रेडिएटरकडे धावलो. आबांनी माझं मनगट धरलं. “झाकणाला हात लावू नकोस. वाफ तोंडावर येईल. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेड तडकंल.”

तासभर काहीच करण्यासारखं नव्हतं. इंजिन निवल्यावर आबांनी पंख्याचं एक पातं धरून हलवलं. पंखा पुढेमागे डुगडुगला. बेअरिंग संपलं होतं, आणि डुगडुगताना पात्याने रेडिएटरच्या जाळीला ओरखडे काढले होते. तोवर ऊन चढलं होतं. आज्जी झाडाच्या सावलीत दगडावर बसली होती आणि तिचे हात थरथरायला लागले होते. मला म्हणाली, “डबा उघड रं.” बहिणीसाठी केलेल्या लाडवांतला एक तिने खाल्ला, मग अर्धा आणखी. थोड्या वेळाने थरथर थांबली. खाली धोमचं पाणी आणि वाई दिसत होती. कोणीच काही बोलत नव्हतं. वर जाणाऱ्या एका टेंपोवाल्याने तिला आणि काकांना घेतलं. मी आणि आबा जीप ओढून न्यायची सोय होईपर्यंत तिथेच बसलो.

दुसऱ्या दिवशी पंप काढला. हात माझे, हुकूम आबांचे. ते शेजारी स्टुलावर. रेडिएटरचा नळ उघडून पाणी बादलीत घेतलं. जनरेटरचा बोल्ट सैल करून पट्टा काढला. मग पंखा, पुली, खालचा होज आणि शेवटी पंपाचे बोल्ट. “बोल्ट काढलेत तसे पुठ्ठ्यात खोच. लांबी सारखी नसती,” आबा म्हणाले. पंप निघाला तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरला, उलटा केला, आणि त्यांच्या नव्या डोळ्याला ते दिसलंच. अंगठ्याच्या नखाने त्यांनी एमसीलची कड उचकटली. आतून गंजाचं लाल पाणी त्यांच्या धोतरावर आलं.

“कुणी केलं ह्ये?” मग स्वतःच उत्तर दिलं, “मिस्त्रीनं. मार्चमध्ये होज बदलायला त्याच्याकडंच दिली हुती. चल, विचारू त्याला.”

पंप पोत्यात घालून आम्ही एसटीने वाईला निघालो. पोतं माझ्या मांडीवर होतं. सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी दोनदा “आबा” म्हणालो. एकदा त्यांनी तिकिटाचं विचारलं आणि एकदा मीच खिडकीबाहेर पाहिलं. शाळेत आपण खरं बोलण्याविषयी किती ऐकतो, फळ्यावर लिहितो, त्यावर भाषणंसुद्धा देतो. मी स्वतः दिलंय, बक्षीसही आहे. त्या एसटीत ते काहीच कामाला आलं नाही.

मिस्त्री लेथवर होते. आबांनी पंप बाकावर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. आबा शिव्या देत नाहीत. पण “तुमच्यावर विश्वास ठेवून घरच्या बाईमाणसाला घाटात नेलं मी” हे त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. मिस्त्री माझ्या बाबांपेक्षा मोठे. हात पुसत ते एवढंच म्हणाले, “हवालदार, मी ह्ये करीन का?” त्यांच्याकडे काम शिकणारा माझ्याच वयाचा एक पोरगा होता. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं. तो घाबरून म्हणाला, “मी न्हाई.”

तेव्हा मी सांगितलं. म्हणजे आबांनी बोलून झाल्यावर, आणि एका भलत्याच पोरावर संशय गेल्यावर. याहून आधी सांगितलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी मिस्त्रींसमोर हात जोडले. मला त्याहून मोठी शिक्षा इथे अजून कोणी दिलेली नाही, एक्स्ट्रा ड्रिल धरून. मिस्त्रींनी त्यांचे हात खाली केले आणि म्हणाले, “बेअरिंग आधीच थकलेलं असंल. पोरानं फक्त घाई केली.” मग माझ्याकडे वळून, “पण आता काम तू करायचं.”

पुण्याहून, नाना पेठेतून, किट यायला दोन दिवस लागले. तोवर रेडिएटरला डाग देऊन झाला. किट आल्यावर त्या पोराने मला प्रेस कसा चालवायचा ते दाखवलं. आधी बेअरिंग अडवून धरणारी तारेची स्प्रिंग काढायची, मग शाफ्ट दाबून बाहेर. इंपेलर किती आत बसलाय याचं माप आधीच घेऊन ठेवायचं, नाहीतर नवा बसवताना तो बॉडीला घासतो. सील ज्या तोंडावर घासतं तिथे गंजाचे खड्डे पडले होते. तसंच नवं सील बसवलं असतं तर महिनाभरात पुन्हा गळती. मिस्त्रींनी ते तोंड लेथवर हलकेच साफ करून दिलं आणि शेवटची घासणी बारीक पॉलिश पेपरने माझ्याकडून करून घेतली. आणि वीप होल. त्यातला उरलेला एमसीलचा कण न् कण मी दाभणाने काढला. त्याला अर्धा तास लागला; बुजवायला दोन मिनिटं लागली होती.

पंप परत चढवताना जुन्या गॅस्केटचा कागद खरवडून काढला, बोल्ट आळीपाळीने आवळले. पट्टा मात्र मी जोर लावून ताणत होतो तेव्हा आबा बऱ्याच वेळाने पहिल्यांदा बोलले. “फार ताणू नकोस. पट्ट्याचा सगळा ओढा बेअरिंगवर येतो. अंगठ्यानं दाबला तर थोडा दबला पाहिजे.” पाणी भरलं, जवळजवळ दहा लिटर. इंजिन सुरू केलं. पंखा सरळ फिरला. भोकातून पहिल्या दिवशी दोनतीन थेंब आले. नवं सील आपल्या जागेवर बसेपर्यंत थोडं येतं, असं मिस्त्रींनी सांगितलंच होतं. मी एक पुठ्ठा पंपाखाली ठेवला, रोज सकाळी त्यावर पेन्सिलने तारीख घातली, आणि तो आबांना नेऊन दाखवला. तोंडी रिपोर्ट त्यांनी बंद केला होता.

परतायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा पाचगणीला गेलो. मावशीआज्जी उशीला टेकून बसली होती. तिने डबा उघडून लाडू मोजले आणि आज्जीला म्हणाली, “ह्या वेळी पुरे हायती की.”

परवा रविवारी फोन केला होता. आबांना आता वाकायची परवानगी मिळाली आहे. तरी पुठ्ठा ते काढत नाहीत, असं आज्जी म्हणाली. मी विचारलं, कोरडा आहे का? तिने तिथूनच हाक मारून विचारलं. आबांचा आवाज लांबून आला, “त्याला म्हणावं, सुट्टीत येऊन बघ.”