जालना रोड न ओलांडता

क्रांती चौक,
छत्रपती संभाजीनगर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीचा फोटो पाहिला. किरणाकृती सुरेख आली आहे, विशालन मात्र चुकलंय. प्रतिमेची उंची तू पट्टीने आकृतीवर मोजलीस आणि वस्तूची उंची उदाहरणातली घेतलीस. दोन्ही आकृतीवरच्या घे, नाहीतर दोन्ही खऱ्या.

सूत्र विसरलीस तरी चालेल, प्रकाशीय केंद्रातून न वळता जाणारा किरण विसरू नकोस. भिंगाच्या दोन्ही बाजूंना तो जे त्रिकोण करतो ते समरूप, भूमितीत शिकलीस तसेच. म्हणून उंचींचं गुणोत्तर तेच अंतरांचं. प्रतिमा उलटी असेल तर तिची उंची अक्षाखाली, म्हणून उणे. तुम्ही मुलं ते उणे खाऊन टाकता आणि गुण जातात.

काल एक गंमत केली. खालच्या चष्मेवाल्याकडून +४ नंबरचं सुटं भिंग आणलं. म्हणजे नाभीय अंतर २५ सेंटिमीटर. खोलीत अंधार केला, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला एक फट ठेवली, तिच्यासमोर भिंग आणि मागे कागद. चौकातला २०२२ साली बसवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा कागदावर उतरला, रंगांसकट, पण उलटा! मला ते बघवेना. नकळत कागद फिरवला, पण प्रतिमा कशाला ऐकते? शेवटी मीच मान वाकडी केली.

प्रतिमा भरली अडीच सेंटिमीटर. चौथरा सोडून पुतळा २१ फूट, म्हणजे ६४० सेंटिमीटर. विशालन उणे एक छेद २५६. इतक्या लांबच्या वस्तूची प्रतिमा जवळजवळ नाभीवरच पडते, म्हणून प्रतिमेचं अंतर २५ सेंटिमीटर धरलं. त्याची २५६ पट म्हणजे ६४ मीटर. खुर्चीतून न उठता पुतळ्याचं अंतर कळलं! हे प्रमाणात काढायचं तर, २५ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर धरूनही, अडीच मीटर लांब वही लागेल.

उत्तर पडताळायला पावलं मोजत जायला हवं. पण संध्याकाळी जालना रोडवर आकडे मोजत चालायची माझी छाती नाही, वर उड्डाणपूल असला तरी. रविवारी सकाळी सहाला ये, रस्ता मोकळा असतो. पावलं तू मोज. पट्टीही तुझीच आण, माझ्या पट्टीचा शून्याकडचा कोपरा झिजलाय.

तुझा मामा