हाकेला ओ

दिवाळी जवळ आली की आमच्या गल्लीत फटाक्यांच्याही आधी हाकांचा धडाका सुरू होतो. "अगं, तुझा सोऱ्या देतेस का घटकाभर?" "अहो, कंदील कधी लावणार?" "उठा रे पोरांनो, पाणी तापलंय!" पहाटेपासून हे चाललेले असते. आमचे घर ख्रिस्ती, त्यामुळे अभ्यंगस्नानाची घाई आम्हांला नाही. पण शेजारच्या काकूंच्या हाकेतून आमची सुटका नाही. कंपाउंडाच्या भिंतीपलीकडून "मास्तर, ताट घ्या हो!" असे शब्द आले की मी हातातले काम टाकून उठतो. नाताळात आमच्या करंज्या त्याच भिंतीवरून पलीकडे जातात.

हातातले काम टाकून उठतो, असे मी सहज लिहून गेलो खरा. पण ही सवय मला फार उशिरा लागली. ती कशी लागली, तेच आज सांगायचे आहे.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आता कागदोपत्री अहिल्यानगर) ख्रिस्ती घरांत एक भारदस्त शब्द लहानपणापासून कानांवर पडतो : पाचारण. देव एखाद्याला आपल्या सेवेसाठी बोलावतो, ते पाचारण. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब अशा पाचारण झालेल्या थोर माणसांच्या गोष्टी सांगत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, घरदार दुरावले, आणि पुढे ते आमच्या नगरला येऊन राहिले, याचा आम्हां मुलांना कोण अभिमान! पंडिता रमाबाईंचे पांडित्य पाहून कलकत्त्याचे पंडित थक्क झाले होते. तीच बाई केडगावच्या माळावर अनाथ मुलींची आई होऊन राहिली. हे ऐकताना मला वाटे, देवाची हाक म्हणजे आगगाडीच्या शिट्टीसारखी काहीतरी असणार. ती एकदाच होते, साऱ्या गावाला ऐकू जाते, आणि जो वेळेवर डब्यात चढला तो तरला.

१९९६ साली मी मॅट्रिक झालो. दाखल्यावर एस.एस.सी. लिहिले आहे, पण आमच्या घरी सगळे मॅट्रिकच म्हणतात. त्या मे महिन्यात गावात संजीवन सभा भरल्या होत्या. शेवटच्या रात्री वक्त्यांनी विचारले, "प्रभूच्या सेवेला कोण येतो?" आणि मी उभा राहिलो. छाती धडधडत होती. आई पदर तोंडाला लावून रडत होती. दुसऱ्या दिवसापासून लोक मला कौतुकाने 'पाळकसाहेब' म्हणू लागले.

पुढल्याच वर्षी वडील गेले. मागे दोन बहिणी, आई आणि दुकानदाराची उधारी. मी गावातल्या एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागलो, नि तिथेच हळूहळू मास्तर झालो. पाळकी शिक्षणाचा अर्ज ट्रंकेच्या तळाशी राहिला. बहिणींची लग्ने झाली, माझे झाले, दोन कादंबऱ्याही छापल्या गेल्या. पण एक काटा आत रुतूनच राहिला. देवाने बोलावले होते आणि आपण गेलो नाही. आपली गाडी चुकली.

आमच्या घरात वडिलांची थोरली बहीण होती. ऐन विशीत विधवा झालेली. गावातल्या मिशनच्या इस्पितळात तिने एकतीस वर्षे आयाचे काम केले. रोग्यांना भांडे द्यायचे, ते उचलून धुवायचे, चादरी बदलायच्या, रक्ताचे कपडे गार पाण्यात भिजत घालायचे, फिनेलने फरशी पुसायची. आत्याच्या हातांचा फिनेलचा वास नाताळच्या दिवशीसुद्धा जात नसे. दिवाळीच्या चारही रात्री ती रात्रपाळी मागून घेई, म्हणजे हिंदू आयांना आपल्या घरी पणत्या लावता याव्यात. नाताळच्या रात्री त्या बाया हिच्या जागी उभ्या राहत. हा करार कुठल्या रजिस्टरात नव्हता, पण एकतीस वर्षांत तो मोडला नाही.

लहानपणी मी कधीकधी तिचा डबा घेऊन वॉर्डात जात असे. कुणीतरी कण्हत "आयाबाई" म्हटले की ही जिथे असेल तिथून आधी मोठ्याने "आले गं!" म्हणे, मग हातातले खाली ठेवून निघे. मी एकदा विचारले, "आत्या, जायचंच आहे तर ओरडायचं कशाला?"

"आरं, आजारी माणसाला पाण्याआधी वो लागती," ती म्हणाली. "कुनीतरी ऐकलं, एवढं कळलं तरी निम्मं दुखणं कमी हुतं."

आत्याला अक्षरओळख नव्हती. रात्री मी तिला पवित्र शास्त्र वाचून दाखवी, आणि तिची आवडती गोष्ट ठरलेली असे : बाळ शमुवेलाची. शिलोच्या मंदिरात हा मुलगा वृद्ध याजक एलीची सेवा करत असतो. एलीची नजर अधू झालेली. रात्री मंदिरातला दिवा अजून तेवत असताना शमुवेलाला हाक ऐकू येते. एलीने बोलावले असे समजून तो धावत जातो. म्हातारा म्हणतो, मी नाही बोलावले, जाऊन नीज. असे तीनदा होते. तेव्हा कुठे एलीच्या ध्यानात येते की, पोराला देव हाक मारतो आहे.

आमचे पाळकसाहेब या गोष्टीवर बोलताना चौथ्या हाकेवर भर देत. देव बोलला आणि शमुवेलाने ऐकले, हे त्यांना महत्त्वाचे. आत्याचे मन मात्र पहिल्या तीन हाकांत गुंतलेले.

"त्या लेकराला कुठं ठावं हुतं, देव हाक मारतोय म्हून?" ती म्हणे. "त्याला वाटलं, म्हाताऱ्याला पानीबिनी पायजे असंल. तरी उठलं का न्हाई? थंडीवाऱ्याचं, झोपंतनं, एकदा न्हाई, तीनदा उठलं. म्हाताऱ्यासाठी उठलं म्हून देवाचं ऐकू आलं त्याला."

मी मनात हसत असे. अडाणी बाईचे शास्त्र, दुसरे काय!

२०११ च्या जुलैतली गोष्ट. आत्या निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, गुडघे धरले होते, आणि ती माझ्याकडेच होती. बाहेर पाऊस लागला होता. मी कादंबरीचे एक प्रकरण रंगात येऊन लिहीत होतो. प्रसंग असा : माझा नायक, एक तरुण पाळक, रात्री डोंगरावर एकटा आहे आणि त्याला देवाची हाक ऐकू येते. पाचारणाचा जो क्षण मला आयुष्यात साधला नाही, तो मी कागदावर साधत होतो म्हणा ना!

मधल्या खोलीतून आत्याची हाक आली, "बाळा..."

एवढे वाक्य पुरे करून उठू, मी म्हटले.

थोड्या वेळाने पुन्हा, "बाळा, जागा हाईस का रं?"

बायको उठेल, असे मला वाटले. ती दिवसभराच्या कामाने मेल्यासारखी झोपली होती, हे मला माहीत होते. तरी मला तसे वाटले. मी ओ दिली नाही. तिसरी हाक आलीच नाही.

अर्ध्या तासाने प्रकरण संपवून मी उठलो. आत्या माठापाशी जमिनीवर बसली होती. भिंत धरधरून तिथवर आलेली. पेला हातात, निम्मे पाणी लुगड्यावर सांडलेले.

"पडलीस का गं?"

"न्हाई रं. गुडघ्यात कळ आली, म्हून बसले."

"मग हाक मारायची ना पुन्हा!"

तिने माझ्याकडे पाहिले नाही. "निजला असशील म्हनलं. दिसभर पोरांत वरडतोस."

मी तिला उचलून अंथरुणावर नेले, आणि तेव्हा मला दिसले की माझ्या खोलीतला उजेड दाराच्या फटीतून थेट तिच्या उशापर्यंत येत होता.

ते प्रकरण पुढे छापले गेले. लोकांनी त्याची वाखाणणीही केली. मला ते आजही वाचवत नाही.

त्यानंतर मी लहानपणी ऐकलेली ती थोर चरित्रे पुन्हा काढून वाचली. रमाबाईंचे आई, वडील नि थोरली बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेली होती. वीसेक वर्षांनी, १८९६-९७ साली, मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई उठून तिकडे गेली आणि उपाशी मुलींना घेऊन आली. तिला हाक आली ती भुकेल्या पोरींची. पुढे साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत शास्त्र असावे म्हणून ती हिब्रू आणि ग्रीक शिकली, सारे बायबल स्वतः भाषांतरित केले. त्याची छपाई केडगावच्या बायकामुलींनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी ती गेली, तेव्हा हातातले काम पुरे झाले होते.

आणि लक्ष्मीबाई टिळक! पाचारण झाले ते पतीला. ही बिचारी काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहून रडली, झगडली, नि स्वतःच्या मनाची खात्री पटली तेव्हा, १९०० साली, तिने बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. दुसऱ्याला आलेल्या हाकेलाही घरातले माणूस अशी ओ देऊ शकते.

हे सारे आत्याला केव्हाच कळले होते. तिला सभेत कधी कुणी उभे केले नाही. तिची हाक दर रात्री यायची, कधी पाण्यासाठी, कधी भांड्यासाठी, आणि ती म्हणायची, "आले गं!"

२०१२ च्या फेब्रुवारीत आत्या गेली. शेवटचे सहा महिने मी तिच्याच खोलीत अंथरूण टाकले होते. तिने हाक मारली की मी आधी मोठ्याने "आलो" म्हणे. एकदा ती अंधारात हसली आणि म्हणाली, "शिकलास." माझ्या मॅट्रिकच्या निकालाला झाला नसेल एवढा आनंद मला त्या एका शब्दाने झाला.

पाळक झालो नाही, याची बोचणी पार गेली असे म्हणणार नाही. पण आता वर्गात कुणी चिमुरडे "सर, नाडी सुटली" म्हणून उभे राहिले की मी हजेरी बाजूला ठेवतो. रोजच ठेवतो असेही नाही. एखादे दिवशी चिडतो, दुर्लक्ष करतो, मग दाराच्या फटीतला तो उजेड आठवतो.

वाचकहो, या चार दिवसांत तुमच्या घरीही हाकांचा गलबला असेल. त्यांतली एखादी म्हाताऱ्या माणसाची असेल, हळू असेल, दोनदा येऊन थांबणारी असेल. जरा कान द्या. माझे एवढेच सांगणे होते. आणखी चार ओळी लिहिणार होतो, पण भिंतीपलीकडून काकू हाक मारताहेत.

आलो हो, काकू!