पट्टी कुठाय?

मे २०२०. टाळेबंदी चालू होती. घराच्या पडवीत आम्ही आंबा भरत होतो. बाबा आकारानुसार फळं वेगळी करत होते, आई पेंढा पसरत होती आणि मी पेटीवर पत्ते चिकटवत होते. मध्येच बाबांनी मान वर न करता विचारलं, "काय गो, तुझ्या पुस्तकाची पट्टी आली काय?"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शेतकरी आंबा वाशीच्या बाजारात पाठवतो. दलाल तो विकतो आणि नंतर हिशेबाचा कागद पाठवतो: किती पेट्या, काय भाव, त्यातून भाडं गेलं, हमाली गेली, दलाली गेली, हातात उरले इतके. तो कागद म्हणजे पट्टी. पट्टीत फसवणूक असू शकते, भाव पडलेला असू शकतो, पण पट्टी येते. पट्टीच न देणाऱ्या दलालाकडे दुसऱ्या वर्षी कुणी माल पाठवत नाही.

माझ्याकडे पट्टी नव्हती. मी म्हटलं, "येईल." बाबा पुढे काही बोलले नाहीत. मला मात्र घाम फुटला, कारण त्या पुस्तकाला लागलेले ४२ हजार रुपये बाबांनी फवारणीच्या पैशातून काढून दिले होते. त्या वर्षी मोहोरावर तुडतुडा आला तेव्हा एक फवारणी कमी झाली होती. घरात हे कुणी बोलून दाखवलं नाही, त्यामुळे ते जास्त टोचत होतं.

पुस्तक आमच्या वाडीबद्दलचं. बागेत राखणीला येणारे नेपाळी गडी, पंप पाठीवर घेऊन झाडावर चढणारे फवारणीवाले, आजीची आढी लावायची पद्धत, असे चौदा लेख. पानं १४४. मी तेवीस वर्षांची होते. एका कंपनीची जाहिरात फोनवर दिसली: 'तुमचं पुस्तक आम्ही काढतो.' पॅकेजमध्ये मुखपृष्ठ, मांडणी, आयएसबीएन, ३०० प्रती आणि 'देशभर ऑनलाइन विक्री' होती. जानेवारी २०२० मध्ये मी करारावर सही केली. वाचला नाही. अडीच पानांचा करार वाचायला मला वेळ नव्हता आणि १४४ पानं लिहायला दोन वर्षं होती, याचं आज हसू येतं.

मार्चमध्ये खोके आले आणि आठवड्याभरात सगळं बंद झालं. प्रकाशन समारंभ राहिला. प्रती माझ्या पलंगाखाली गेल्या. पुढच्या दोन वर्षांत त्यातल्या १८० मी वाटल्या. लग्नात, सत्यनारायणाला, बारशाला. किंमत विचारणाऱ्यालाही "असू दे हो, पैसे कसले" म्हणाले. एका नातेवाइकांच्या घरी मला माझं पुस्तक शोकेसमध्ये दिसलं, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. त्यांनी ते जपून ठेवलं होतं. उघडलं नव्हतं.

कंपनीकडे विक्रीचा हिशेब मागितला की "सिस्टीम अपडेट होतेय" असं उत्तर यायचं. दोन वर्षांनी तेही यायचं बंद झालं.

खरं सांगायचं तर माझ्या मनात एक सोयीचा समज होता: खऱ्या लेखकाने विक्रीबिक्रीत पडू नये. याला आधार होता मालगुंडचा. रत्नागिरीतल्या शाळांच्या सहली गणपतीपुळ्याला जातात तेव्हा शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं स्मारकही बघतात. १८६६ साली जन्मलेला हा कवी १९०५ साली हुबळीला प्लेगने गेला. त्याने आपल्या कवितांचं पुस्तक हयातीत पाहिलंच नाही. शाळेत असताना हे ऐकून मला ते फार मोठं वाटलं होतं.

पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मी लक्षात घेतला नव्हता. केशवसुत गेल्यावर त्यांच्या कविता गोळा करून पुस्तकरूपाने आणल्या त्या हरिभाऊ आपट्यांनी. म्हणजे जमवणं, छापणं, लोकांपर्यंत नेणं हे काम कुणीतरी केलंच. कवीने केलं नाही, तर मित्राने केलं. माझ्याकडे हरिभाऊ नव्हते. माझ्याकडे पलंगाखाली १२० प्रती होत्या.

मग मी या कामाबद्दलची पुस्तकं वाचायला लागले. बहुतेक इंग्रजी, बहुतेक फोनवर, आंब्याचा हंगाम संपल्यावर पावसाळ्यात.

सगळ्यात उपयोगी पडलं ते सगळ्यात जुनं. स्टॅन्ली अन्विन या ब्रिटिश प्रकाशकाचं 'द ट्रुथ अबाउट पब्लिशिंग', १९२६ सालचं. हस्तलिखित आल्यापासून पुस्तक दुकानात जाईपर्यंत काय काय होतं, खर्चाचा अंदाज कसा काढतात, किंमत कशी ठरते, करारात काय असतं, हे तो एकेक करून सांगतो. आकडे आता निरुपयोगी आहेत. पण वाचताना मला सारखं वाटत होतं की हा माणूस पट्टी वाचून दाखवतोय. पुस्तकाच्या किमतीतला किती भाग कागदाला, किती दुकानाला, किती लेखकाला, हे कुणीतरी पहिल्यांदाच माझ्यासमोर मांडत होतं.

दुसरं, जेन फ्रीडमन यांचं 'द बिझनेस ऑफ बीइंग अ रायटर', २०१८ चं. अमेरिकेतल्या लेखकांसाठी आहे, त्यामुळे एजंटबिजंटची प्रकरणं मी उडवली. कामाची गोष्ट वेगळी होती. लिहिणाऱ्याचा संसार सहसा एका पुस्तकावर चालत नाही, थोडं इथून थोडं तिथून असं जमवावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. आमच्याकडे नुसत्या हापूसवर कोण जगतं? काजू असतो, कोकम असतं, कुणाचा मुलगा मुंबईला असतो. मला हे पटायला अमेरिकन पुस्तक लागलं, एवढंच.

तिसरं पुस्तक नाही, लेख आहे. केव्हिन केली यांचा २००८ सालचा 'वन थाउजंड ट्रू फॅन्स'. लाखो चाहते नकोत, तुम्ही जे कराल ते विकत घेणारी हजार माणसं असली तर कलावंताचं पोट भरतं, असं त्याचं म्हणणं. वाचून मला वाटलं, हे आपल्याकडे आधीच होऊन गेलंय. सत्तरच्या दशकात 'ग्रंथाली'ने वाचकांना सभासद करून घेतलं आणि पुस्तकं त्यांच्यापर्यंत नेली. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' त्यांनीच काढलं. आधी वाचक जोडा, मग त्यांना पुस्तक द्या, ही कल्पना मराठीत चाळीस-पन्नास वर्षं जुनी आहे.

मार्केटिंगच्या इतर पुस्तकांतलं बरंचसं माझ्या उपयोगाचं नव्हतं. प्रत्येक जण सांगतो, ईमेलची यादी बनवा. माझ्या वाचकांपैकी निम्मे ईमेल फक्त बँकेसाठी वापरतात. जाहिरातीवर मी दोन हजार घालवले आणि एक प्रत खपली, तीही माझ्या मैत्रिणीने घेतली.

सगळ्यात महत्त्वाचं वाचन मात्र कंटाळवाणं होतं: भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७. त्याचं कलम १९ प्रत्येक लिहिणाऱ्याने वाचावं. मी माझा करार शेजारी ठेवून ते वाचलं. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलं नसेल, तर ते पाच वर्षांसाठीच दिले असं कायदा धरतो. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारतासाठी. माझ्या करारात मुदत नव्हतीच. मी जानेवारी २०२० मध्ये पाच बोटांवर मोजून पाच वर्षं मिळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जानेवारी २०२५ लिहून ठेवलं.

आणखी एक गोष्ट कळली. पॅकेजमध्ये आयएसबीएनचे वेगळे पैसे लावले होते. भारतात हा क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था देते, ऑनलाइन अर्ज करून, फुकट. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. त्या रात्री मला राग आला तो कंपनीचा कमी आणि माझा जास्त.

जानेवारी २०२५ उलटल्यावर मी कंपनीला रीतसर पत्र पाठवलं की मुदत संपली आहे, आता पुस्तक विकू नये. उत्तर आलं नाही, पण महिन्याभराने पुस्तक त्यांच्या पानावरून गेलं. मग मी दुसरी आवृत्ती काढायला घेतली. लेख पुन्हा तपासले, दोन काढले, एक नवा घातला. नवा आयएसबीएन घेतला.

आता किंमत. इथे मी बाबांना बसवलं. मी वाचलेला ठोकताळा सांगितला: छपाईच्या चौपट किंमत ठेवावी. १०० प्रतींना मला प्रतीमागे ९० रुपये पडत होते, म्हणजे ३६० रुपये. बाबा म्हणाले, "एवढे कोण देणार?" मी म्हटलं, मग १५० ठेवू. त्यांनी कागद पुढे ओढला. दुकानदार ४० टक्के मागत होता. १५० मधून ६० त्याचे, ९० छपाईचे, उरलं शून्य. "मग हे धर्मादाय झालं," बाबा म्हणाले. २५० वर हिशेब बसला: दुकानातून गेलं तर हातात ६०, थेट गेलं तर १६०. टपालखर्च घेणाऱ्याचा.

मी ३०० प्रती छापायच्या म्हणत होते, कारण जास्त छापल्या की प्रत स्वस्त पडते. बाबांनी तेही मोडलं. "आंब्याला घाई असते. पिकला की चार दिवसांत विकावाच लागतो, पडेल त्या भावाला. तुझं पुस्तक काय सडणार आहे? शंभर काढ. संपली की परत काढ." मी वाचलेल्या एकाही पुस्तकात ही गोष्ट मला इतकी सरळ सापडली नव्हती. पुस्तक विकणारा आंबेवाल्यापेक्षा सुखी आहे, फक्त त्याने एकदम सगळा माल पिकवू नये.

आणि यादी? ती घरातच होती. टाळेबंदीत वाशीला माल जाईना तेव्हा बाबांनी पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या लोकांना फोन करून थेट पेट्या पाठवायला सुरुवात केली होती. आंबे चांगले लागले की ती माणसं आणखी दोघांचे नंबर द्यायची. दोनशे पानी वहीत आता २१२ नावं होती, पुढे शेरे: 'मोठं फळ नको', 'आजी एकटी, दोन डझनच', 'पैसे उशिरा पण देतात'. मी पाच वर्षं वाचकांची यादी शोधत होते आणि त्या वहीवर चहाचा कप ठेवत होते.

२०२५ च्या हंगामात १४० पेट्यांमध्ये आम्ही एकेक कागद ठेवला. एका बाजूला आढीवरचा माझा छोटा लेख, दुसऱ्या बाजूला पुस्तकाचं नाव, किंमत, फोन नंबर. जूनपर्यंत ३७ जणांनी पुस्तक मागवलं.

३७ म्हणजे काहीच नाही, मला माहीत आहे. पण त्यातल्या अकरा जणांनी वाचून फोन केला. डोंबिवलीच्या एक काकू तर भांडल्याच. आढीत पेंढ्याचे थर लावण्याबद्दल मी लिहिलं होतं ते चूक आहे, त्यांच्या माहेरी कधीच असं करत नसत. अर्धा तास बोलल्या. फोन ठेवताना म्हणाल्या, "अडीचशे रुपये दिलेत, म्हणून एवढं वाचलं हो." फुकट वाटलेल्या १८० प्रतींबद्दल मला असा एकही फोन आला नव्हता.

जूनच्या शेवटी बाबांनी वहीचं मागचं पान काढलं आणि स्वतःच लिहिलं: ३७ प्रती, २५० प्रमाणे ९,२५०. वजा छपाई ३,३३०. वजा पाकिटं ३७०. शिल्लक ५,५५०. खाली रेघ मारली आणि पान फाडून माझ्या हातात दिलं.

४२ हजार अजून वसूल झालेले नाहीत. मी ते ५,५५० त्यांना द्यायला गेले, तर म्हणाले, "पुढच्या छपाईला ठेव." मी अर्धे ठेवले. अर्धे यंदाच्या पहिल्या फवारणीला दिले, आणि ते त्यांनी घेतले.