भयानकाचा वर्ण काळा

भरताने नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एकेक वर्ण दिला आहे. शृंगार श्याम, वीर गौर, अद्भुत पीत आणि भयानक कृष्ण. ‘ब्लॅक मेटल’ आणि त्याचे भाईबंद असलेले संगीत ऐकताना आम्हांस हे वर्णविधान वारंवार आठवते. साहित्याच्या अभ्यासकाने या गोंगाटाच्या वाटेस का जावे, असे स्नेही विचारतात. आमचे उत्तर एवढेच की, इतके पुस्तकी संगीत दुसरे क्वचितच सापडेल.

वाद्यवृंदांची नावेच पाहावीत. नॉर्वेचे ‘बुर्झुम’ आणि ‘गोर्गोरोथ’, स्वीडनचे ‘अमोन अमार्थ’ ही तिन्ही नावे टॉल्किनच्या सृष्टीतली. पहिला शब्द तिथल्या काळ्या भाषेत अंधाराचा वाचक, दुसरे मॉर्डोरमधील पठार, तिसरे तिथल्याच ज्वालामुखीचे नाव. इंग्लंडच्या ‘बाल-सागोथ’ने आपले नाव रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कथेतून घेतले. व्हिएन्नाच्या ‘समनिंग’ने तर जवळजवळ सारी निर्मिती टॉल्किनवर उभारली, १९९५ सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘मिनास मॉर्गुल’, म्हणजे शत्रूच्या ताब्यातील नगर. कादंबरीकाराने ज्या बाजूला काळोख ठेवला, नेमकी तीच बाजू या मंडळींना गावीशी वाटली.

मात्र गावीशी वाटली म्हणजे काय, हाच खरा प्रश्न आहे. गिटारवर एकच स्वर अतिवेगाने छेडला जातो, ढोलांचा मारा अखंड चालतो आणि त्यावर गायकाची किंकाळी किंवा गुरगुर. शब्द पुस्तिकेत छापलेले असतात, पण कानांना ते लागत नाहीत. आम्ही प्रथम पुस्तिका मिटून ऐकतो, नंतर उघडून. दुसऱ्या वेळी अर्थ कळतो. भय मात्र पहिल्या वेळीच भेटलेले असते.

याचे मर्म आम्हांस लव्हक्राफ्टपाशी सापडले. अवर्णनीय, अकल्पनीय अशी विशेषणे त्याच्या गद्यात इतकी येतात की चिकित्सक वाचक कंटाळतो. जे सांगता येत नाही ते सांगता येत नाही, असे भाषेतच सांगावे लागणे ही त्याची अडचण होती. ‘थुलू’ हे १९२८ साली छापून आलेल्या कथेतील नाव मानवी कंठासाठी घडलेलेच नाही, अशी त्याची स्वतःची भूमिका होती. आपण लिहितो-उच्चारतो ती केवळ नक्कल. मेटॅलिकाने १९८४ साली त्या नावाची रचना केली, तीत शब्दच ठेवले नाहीत. पुढे आलेल्या डेथ मेटलने दुसरा मार्ग धरला: शब्द ठेवले आणि कंठच अमानुष केला. गद्याला जे विशेषणांनी साधेना, ते इथे उच्चाराने साधते.

‘समनिंग’चा प्रकार निराळा. ‘ओथ बाउंड’ (२००६) मध्ये गती मंद आहे, कीबोर्डवरची तुतारीसदृश धून पुन्हापुन्हा फिरून येते आणि किंकाळी दूरच्या डोंगरापलीकडून आल्यासारखी वाटते. तिथे भय ओसरून विस्मय उरतो. काळा वर्ण हळूहळू पीत होतो.

आता अवघड भाग. १९९३ च्या ‘आस्के’ या बुर्झुमच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर फानटॉफ्टच्या जळालेल्या लाकडी चर्चचे छायाचित्र आहे. ते चर्च १९९२ साली खरोखरच जाळले गेले होते. ‘आस्के’ म्हणजे राख. बुर्झुमचा निर्माता वार्ग विकेर्नेस याला १९९४ साली खून आणि इतर काही चर्चच्या जाळपोळीबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली. कलाकृती कर्त्यापासून वेगळी काढावी, हे तत्त्व आम्हांस एरवी मान्य आहे. इथे ते लागू पडत नाही, कारण राख कर्त्याच्या चरित्रात राहिलेली नाही. ती कृतीच्या मुखपृष्ठावर आली आहे.

अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून शाकुंतलातील हरीण घेतले. दुष्यंताच्या बाणापुढे ते पळते, पण रसिकाला जाणवते ते भय ना त्या हरणाचे, ना रसिकाचे स्वतःचे. ते स्थळकाळातून सुटलेले असते, म्हणूनच आस्वाद्य होते. फानटॉफ्टला स्थळ आहे, काळ आहे, आणि त्या परिसरातील माणसांचे भय त्यांचे स्वतःचे होते. त्याचे साधारणीकरण करू पाहणे म्हणजे त्यांचे दुःख आपल्या करमणुकीसाठी उसने घेणे.

म्हणून बुर्झुम आम्ही लावत नाही. हा निर्णय जितका नीतीचा, तितकाच रसाचा. मिनास मॉर्गुलच्या वेशीपाशी मात्र आम्ही निःशंक मनाने जातो. त्या नगरात कोणाचेही घर जळालेले नाही.